डब्यावर भगर, आत रवा

आषाढी एकादशीला मी आमच्या घरातल्या चारही माणसांचा उपवास मोडला, आणि तोही आग्रह करकरून वाढून. झालं असं की सासूबाईंच्या गुडघ्यांनी आदल्या दिवशीच संप पुकारला होता, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. मांडणीवर खालून दुसऱ्या रांगेत एक स्टीलचा डबा, त्यावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर सासूबाईंच्या गोलमटोल अक्षरात ‘भगर’. आत जे पांढरं, बारीक, कणीदार होतं ते मी तुपाजिऱ्याच्या फोडणीत परतलं, वर आधणाचं पाणी घातलं, शेजारच्या शेगडीवर दाण्याची आमटी केली. सगळे जेवले. सासऱ्यांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं आणि म्हणाले, “यंदाची भगर काय मऊ झालीय!” एकादशी दुप्पट खाशी हे आमच्या घराने त्या दिवशी मागे टाकलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई भिंतीला धरत धरत मांडणीपाशी आल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, “अगं, इडलीचा रवा कुठे गेला?”

इडलीचा रवा म्हणजे तांदूळ. उपवासाला काय चालतं यावर दर घराचं मत निराळं असतं. दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटा चालतो, तिथूनच आलेल्या कंदाचा साबुदाणा चालतो, कोथिंबिरीवरून मात्र दोन जावांमध्ये अबोला होऊ शकतो. पण एकादशीला भात नाही, एवढ्या एका कलमावर सगळ्यांचं एकमत आहे. नेमकं तेच कलम मी तुपात परतलं होतं.

“पण आई, डब्यावर भगर लिहिलंय!”

“अगं, ती चिठ्ठी केव्हाची! भगर कधीच वरच्या बरणीत गेली.”

“मग चिठ्ठी का नाही काढली?”

“त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे ना.”

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला आपण घरी आहोत की हिंजवडीत, हेच क्षणभर कळेना. सोळा वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते. वाकडच्या पुलाखाली आयुष्याचा जो भाग गेला तो वजा केला तर बारा म्हणा. एवढ्या काळात हे वाक्य मी इतक्या जणांकडून, इतक्या उच्चारांत ऐकलंय की ते कंपनीच्या दारावर तोरणासारखं लावायला हरकत नाही. आणि तरीही मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला. वर्षानुवर्षं ज्या गोष्टीने दगा दिला, तिच्यावरच स्वयंपाकघरात डोळे मिटून भिस्त ठेवली.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सांगते. प्रोग्रॅम लिहिताना आम्ही दोन प्रकारचा मजकूर लिहितो. एक यंत्राने पाळायचा, तो कोड. दुसरा माणसाने वाचायचा, ती कमेंट. ‘इथे व्याज काढलं आहे’, ‘ही यादी आधी क्रमाने लावून घ्यावी’, असल्या चिठ्ठ्या कोडच्या मध्येमध्ये चिकटवलेल्या असतात. ही पद्धत धंद्याइतकीच जुनी. १९५७ साली फोरट्रान भाषा आली तेव्हा प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहीत. कार्डाच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर असलं, की ते कार्ड यंत्राने वाचल्यासारखं करून सोडून द्यायचं. कोबोलमध्ये हाच मान सातव्या रकान्यातल्या फुलीला मिळाला. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात तर स्पष्ट कलम आहे : प्रत्येक कमेंटच्या जागी एक मोकळी जागा धरावी. तुम्ही तीन ओळी लिहा की तीनशे, त्यात विनंती करा, शिव्या द्या, राजीनामा लिहा. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपाइलरच्या दरबारी सगळ्याचं मोल एकच, स्पेसबार एकदा दाबल्याइतकं.

यातच सगळी गोम आहे. कोड चुकला तर कुठेतरी काहीतरी कोसळतं, रात्री दोन वाजता कुणाचा तरी फोन वाजतो, चूक पकडली जाते. कमेंट चुकली तर काहीही होत नाही. ती वर्षानुवर्षं ताठ मानेने उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चुकीचा रस्ता दाखवते. एसटीच्या कंडक्टरने परतीच्या वाटेवर पाटी बदलली नाही तर गाडी काही थांबत नाही, ती जायची तिथेच जाते. पाटी वाचून चढलेला म्हाताराच तेवढा भलत्या गावी उतरतो.

खोटी कमेंट कुणी जाणूनबुजून लिहीत नाही, हे आधी कबूल करते. ती लिहिली तेव्हा खरीच असते. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रॅक्टिकलच्या जर्नलला कमेंट्सचे वेगळे मार्क होते, त्यामुळे आम्ही ओळीओळीला कमेंट लिहायचो. कोडमध्ये ‘आय’ची किंमत एकने वाढवली की शेजारी ‘आयची किंमत एकने वाढवली’. ताटात पोळी वाढून शेजारी ‘ही पोळी’ अशी चिठ्ठी ठेवण्यातला हा प्रकार. तिचा उपयोग शून्य, पण निदान ती खरी तरी असते. पुढे तीन वर्षांनी कुणी गडबडीत कोड बदलतो आणि आय दोनने वाढू लागतो. चिठ्ठी तशीच. आता ताटात भाकरी आहे, शेजारची चिठ्ठी पोळीची शपथ घेते आहे, आणि नवीन आलेला मुलगा तासभर भाकरीत पोळी शोधतो आहे. कर्निगन आणि प्लॉगर या जोडीने १९७४ साली प्रोग्रॅम लिहिण्याच्या शैलीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. कमेंट आणि कोड यांचा मेळ आहे ना ते बघा, कोडचीच पोपटपंची कमेंटमध्ये करू नका, असं त्यांनी तेव्हाच बजावून ठेवलंय. पुस्तकाला पन्नास वर्षं उलटली. शुद्धलेखनाच्या नियमांइतकंच तेही आम्ही आदराने पाळतो.

आमच्या एका प्रोजेक्टात थकबाकीदारांना आठवणीचं पत्र पाठवणारा कोड होता. वरची कमेंट म्हणत होती ३० दिवसांनी पत्र पाठवा, खाली कोड पाठवत होता ४५ दिवसांनी. बरोबर कोण? मीटिंग बसली. एक गट म्हणाला, कोड बरोबर, कारण चालतो तोच, आणि इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नाही. (उशिरा तगादा आला म्हणून तक्रार करणारा थकबाकीदार या गटाला कुठे भेटला असता, देव जाणे.) दुसरा गट म्हणाला, कमेंट बरोबर, कारण ती माणसाने हेतू सांगायला लिहिली, कोड लिहिताना बोट घसरलं असेल. ३० लिहिताना बोट घसरून ४५ कसे होतात, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही, कारण त्या गटात मॅनेजर होते. दीड तास झाला, दोनदा चहा झाला. शेवटी एका ट्रेनी मुलीने क्लायंटच्या कराराची पीडीएफ उघडली. त्यात ६० होते.

बेल लॅब्जमधल्या नॉर्म श्रायर यांच्या नावावर एक वचन सांगतात, जॉन बेंटली यांनी ते १९८५ साली आपल्या सदरात छापलं होतं : कोड आणि कमेंट यांचं एकमेकांशी पटत नसेल तर बहुतेक दोघंही चुकलेले असतात. हे मला त्या दिवशी ठाऊक असतं तर निदान दुसरा चहा वाचला असता.

हल्ली म्हणे यंत्रच कोड वाचून कमेंट लिहून देतं. मी आमच्या या कोडवर करून पाहिलं. ‘येथे ४५ दिवसांनंतर ग्राहकाला स्मरणपत्र पाठवले जाते’ अशी अत्यंत अदबशीर, स्वल्पविरामांसकट नीटनेटकी कमेंट आली. चूक तीच राहिली, फक्त आता तिला इस्त्री झाली.

मोठ्या घरांतही हेच चालतं, याचं मला फार समाधान आहे. आमच्या व्यवसायातली सगळ्यांत गाजलेली कमेंट युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत आहे. एक काम मध्येच थांबवून यंत्राला दुसऱ्या कामाकडे वळवायचं, ही हातचलाखी करणारा तो कोड. तिथे आधी सहासात ओळी गंभीरपणे समजावणी आहे आणि मग एक वाक्य : तुम्हाला हे समजावं अशी अपेक्षा नाही. पिढ्यानपिढ्या मुलांनी हे वाक्य वाचलं आणि घाबरून पान उलटलं. देवळाच्या गाभाऱ्यावर ‘सोवळ्याशिवाय प्रवेश नाही’ लिहिलेलं असावं, तसा त्याचा दरारा. टी-शर्टांवरही ते छापून झालं. पुष्कळ वर्षांनी युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, डेनिस रिची, यांनी खुलासा केला. ते वाक्य उर्मटपणाने लिहिलं नव्हतं, ‘हे परीक्षेला येणार नाही’ अशा भावनेने लिहिलं होतं. आणि पुढे, थोर माणसालाच शोभेल अशा सरळपणाने, सांगितलं की खरी अडचण निराळी होती : तिथे काय चाललंय ते आम्हालाही कळलेलं नव्हतं.

मला हे वाचून माझे गणिताचे सर आठवले. ‘हे परीक्षेला येणार नाही’ असं ते म्हणाले की वर्गाला हायसं वाटायचं. त्या वेळी फळ्याकडे तोंड केलेल्या सरांनाही तितकंच हायसं वाटत असणार, हे कळायला मला या धंद्यात यावं लागलं. पुढे युनिक्स दुसऱ्या जातीच्या यंत्रावर न्यायची वेळ आली तेव्हा ती हातचलाखी चालेना, तो भाग बदलावाच लागला. म्हणजे ज्यांनी ते समजून घ्यायचा नाद सोडला होता त्यांचं काहीच बिघडलं नाही.

ज्याने नाद सोडला नाही असा एक माणूस सिडनीत होता. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन लायन्स. त्यांनी या सहाव्या आवृत्तीच्या कोडवर विद्यार्थ्यांसाठी सविस्तर भाष्य लिहिलं. पण कोडची मालकी कंपनीची, तेव्हा ते उघडपणे छापायला बंदी. मग त्याच्या झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या आणि अक्षरं पुसट होत होत जगभरच्या कॉलेजांत पोचल्या. रीतसर पुस्तक छापून यायला १९९६ साल उजाडलं. परीक्षेच्या आदल्या रात्री अप्पा बळवंत चौकात ज्यांनी पाचव्या पिढीच्या झेरॉक्स वाचल्यात त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

भाष्य, टीका, हे शब्द आपल्याकडे आधीपासूनच आहेत. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. कमेंटला मराठीत टीकाच म्हणायला हवं होतं, कारण त्या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. जर्मन क्लायंटचं एक जुनं काम आमच्याकडे आलं होतं. एका फाइलच्या डोक्यावर बारा ओळींची जर्मन कमेंट. सगळ्यांची खात्री, की या बारा ओळींत त्या फाइलचं मर्म साठवलेलं आहे. पुण्यात जर्मन येणारं माणूस शोधावं लागत नाही, दर तिसऱ्या क्यूबिकलमध्ये मॅक्सम्युलर भवनाच्या दोन लेव्हल झालेलं कुणीतरी असतं. असाच एक मुलगा डिक्शनरी घेऊन बसला. तासाभराने मान वर करून म्हणाला, “मॅडम, हा आधीच्या माणसाबद्दल बोलतोय.”

“काय बोलतोय?”

“ते आमच्या लेव्हलला नव्हतं.”

खोटेपणाचा संशय मात्र कमेंटनेच दुसऱ्यावर घेतला, असाही एक नमुना आहे आणि तो थेट चंद्रावर जाऊन आलेला आहे. १९६९च्या अपोलो मोहिमेत चांद्रयानाच्या संगणकात जो प्रोग्रॅम होता, तो आज कुणालाही वाचता येतो. त्यात उतरण्याच्या आधी रडारचा अँटेना योग्य जागी आहे का ते तपासलं जातं. नसेल तर अंतराळवीराला सांगायचं, की बाबा रे, ती मेली वस्तू जरा फिरव. तिथली कमेंट अक्षरशः याच सुरात आहे. मग अंतराळवीर ‘फिरवली, चला पुढे’ असं बटण दाबतो. त्या ओळीपुढे कमेंट आहे : बघू या, खोटं बोलतोय का. आणि प्रोग्रॅम पुन्हा मागे जाऊन अँटेना तपासतो. देशातली सगळ्यांत निधडी, निवडून पारखलेली माणसं यानात बसलेली, आणि प्रोग्रॅम त्यांच्याशी ‘हात धुतलेस का? दाखव बघू’ या पातळीवर बोलतो आहे. लिहिणाऱ्याच्या घरात लहान मूल असावं असा माझा अंदाज आहे.

त्याच प्रोग्रॅमात, उतरण्याचं गणित करणाऱ्या भागात, दोन ओळींसमोर आणखी एक कमेंट आहे. तात्पुरतं, अशी आशा, आशा, आशा. तीनदा. जुलै १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्या दोन ओळी यानाच्या पोटात होत्या. तात्पुरत्या ओळी पृथ्वी सोडून गेल्या, पण प्रोग्रॅम सोडून गेल्या नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं, कारण माझीही एक तात्पुरती ओळ आहे. एका बिलाच्या हिशेबात सणाची सूट धरायची होती, रात्र थोडी होती. मी सरळ एक आकडा ठोकला आणि वर लिहिलं : ‘टेम्पररी. दिवाळीनंतर काढणे.’ कोणती दिवाळी, ते लिहिलं नाही. तेव्हा समोर एकच दिवाळी दिसत होती. त्यानंतर नऊ दिवाळ्या झाल्या. मी ती कंपनी सोडली, मग जिच्यात गेले तिने पहिलीचा तो विभाग विकत घेतला, आणि मागच्या वर्षी एका तरण्या मुलाने माझ्यासमोर लॅपटॉप ठेवून विचारलं, “मॅम, ही दिवाळी म्हणजे कोणती?” कमेंट अजून खोटी ठरलेली नाही, हा तिचा विशेष. दर वर्षी दिवाळीनंतर ती काढायचीच असते.

अशा वेळी लिहिणाऱ्याचं नाव शोधून काढायची सोय आमच्याकडे असते. कोणती ओळ शेवटची कुणी बदलली ते सांगणारी गिट नावाच्या साधनातली आज्ञा, आणि तिचं नावच ‘ब्लेम’, म्हणजे दोष द्या. नाव ठेवणाऱ्याला माणसाचा स्वभाव पुरता माहीत होता. पण हे साधनही कधीकधी डब्यावरच्या चिठ्ठीसारखं वागतं. आमच्या ऑफिसात एका टापटिपीच्या मुलाने आल्या आल्या चाळीस फायलींमधलं समासांचं अंतर एकसारखं करून टाकलं. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. तेव्हापासून त्या चाळीस फायलींतली प्रत्येक ओळ त्याच्या नावावर आहे. जी पापं तो पाचवीत असताना घडली, त्यांचे फोन आता रात्री त्याला येतात. सुरुवातीला तो ‘मी फक्त समास नीट केले’ असं सांगायचा. हल्ली मुकाट्याने दुरुस्त करून देतो. भाड्याने घर घेतलेल्या माणसाला आधीच्या भाडेकरूची पत्रं यावीत आणि काही वर्षांनी त्याने ती उघडून उत्तरंही द्यायला लागावं, तसं त्याचं झालंय.

खोट्यापेक्षा मला अर्ध्या खऱ्या कमेंटची जास्त भीती वाटते. तिचा एक किस्सा आमच्या धंद्यात कुलदैवताच्या कोपासारखा सांगितला जातो. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर. कुलूप बनवायचं तर कुणालाही ओळखता येणार नाही असा आकडा हवा, म्हणून ते जमेल तिथून अनिश्चितता गोळा करून एका पातेल्यात ढवळत असतं. ढवळण्याची ही ओळ दोन जागी होती, दिसायला तंतोतंत सारखी. त्यातल्या एकीपुढे कमेंट होती : प्युरिफाय कुरकुर करतं. प्युरिफाय हे चुका हुडकणारं एक साधन, आणि त्याची कुरकुर अशी, की अजून काहीच न भरलेली जागा तुम्ही वाचताय. कमेंट अगदी खरी होती. ती ओळ काढली तरी फारसं बिघडत नव्हतं.

२००६ साली डेबियन या लिनक्सच्या एका घराण्यात असंच दुसरं साधन कुरकुर करू लागलं. सांभाळणाऱ्याने पाहिलं, दोन ओळी, दोन्ही सारख्या, आणि एकीपुढे कुरकुरीची नोंदही आहे. त्याने दोन्ही ओळी कमेंटमध्ये गुंडाळून बंद केल्या. कुरकुर थांबली. दुसरी ओळ होती ती सगळी खरी अनिश्चितता पातेल्यात ओतणारी. आता पातेल्यात उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे जगभरच्या डेबियन आणि उबुंटू यंत्रांवर जी अभेद्य कुलपं रोज घडत होती, त्यांच्या किल्ल्या एका जातीच्या बत्तीसेक हजारच, आणि त्या सगळ्या करून बघायला फार वेळ लागत नाही. मे २००८मध्ये हे उजेडात आलं. जवळजवळ पावणेदोन वर्षं सगळं सुरळीत चाललेलं होतं, एकही कुलूप करकरलं नाही. ‘कुरकुर करतं’ या दोन शब्दांच्या पुढे ‘पण दुसऱ्या ठिकाणी हात लावू नका’ एवढं कुणी लिहिलं असतं तर? पण ते का लिहावं? लिहिणाऱ्याला ठाऊक होतं ना त्यात काय आहे ते. चिठ्ठीची ज्याला गरज नसते तोच ती लिहितो आणि ज्याला गरज असते त्याला ती तपासून बघता येत नाही. या दोघांची गाठ पडायची एकच संधी असते, ती म्हणजे नोटीस पिरियडमधली केटी, जाणाऱ्याने येणाऱ्याला काम समजावून द्यायची बैठक. तिथे जाणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असतं आणि येणाऱ्याचं चहाकडे.

‘हात लावू नका’ लिहून तरी प्रश्न सुटतो असं मात्र समजू नका. आमच्याकडे एका जुन्या प्रोग्रॅमात दोन सेकंद नुसतं थांबायची एक ओळ होती. वर कमेंट : ‘प्रिंटर गरम होईपर्यंत थांबा. ही ओळ काढू नका. का, ते विचारू नका.’ तो प्रिंटर मी नोकरीला लागायच्या आधीच भंगारात गेला होता. एका उत्साही मुलीने ओळ काढली. विचारलं नाही, कारण विचारू नका असं लिहिलं होतं. प्रोग्रॅम दोन सेकंदांनी वेगवान झाला, तिचं ईमेलवर कौतुक झालं. महिनाअखेरीला अहवालात निम्मे आकडे गायब. तीन दिवसांनी उलगडा झाला : त्या दोन सेकंदांत दुसराच एक प्रोग्रॅम आपली फाइल लिहून पूर्ण करत होता. या दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती. प्रिंटर असताना योगायोगाने जमून गेलं आणि प्रिंटर गेल्यावर त्याच्या पुण्याईवर चालत राहिलं. ओळ परत घातली. आता वर खरं कारण लिहायला हवं होतं. पण रात्रीचे साडेअकरा झाले होते, कॅब खाली उभी होती आणि जुनी कमेंट तयारच होती. प्रिंटर अजून गरम होतोय.

तर, घरची गोष्ट. एकादशीच्या प्रकरणानंतर मी शहाणपणा केला. जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली, ठळक मार्करने ‘इडली रवा’ लिहून नवी लावली, दुकानातून रवा आणून डब्यात भरला. सासूबाईंना सांगायचं राहून गेलं. त्यांच्याही मनाला लागलेलंच होतं, आपल्या चिठ्ठीपायी सून फसली म्हणून. गुडघे जरा वळायला लागल्यावर, मी ऑफिसात असताना, त्यांनीही शहाणपणा केला. डब्यातला रवा वरच्या बरणीत ओतला आणि बरणीतली भगर डब्यात. डबा मुळात भगरीचाच. चिठ्ठी त्यांनी वाचली नाही. आपणच लिहिलेली चिठ्ठी कोण वाचतं?

आमच्या भाषेत सांगायचं तर दोघींनी एकच बग दोन टोकांनी फिक्स केला आणि दोन्ही फिक्स एकाच आठवड्यात प्रॉडक्शनला गेले.

शनिवारी रात्री मी उडदाची डाळ वाटली, डब्यातला ‘रवा’ भिजवून, पिळून तिच्यात कालवला आणि पीठ झाकून ठेवलं. सकाळी ते टोपाच्या काठापर्यंत फुगून आलं होतं. इडल्या पांढऱ्याशुभ्र, हाताला हलक्या, आत सुरेख जाळी. सासरे सहाव्या इडलीवर चटणी घेत म्हणाले, “या वेळेला तुला जमल्या हो.” मुलाने मोजणं सोडून दिलं होतं. तेवढ्यात सासूबाई मांडणीपाशी गेल्या, डब्याचं झाकण उघडलं आणि उघडंच धरून उभ्या राहिल्या.

“अगं, भगर कुठे गेली?”

मी हातातल्या इडलीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी डबा फिरवून चिठ्ठी वाचली, नंतर चष्मा लावून पुन्हा वाचली. सासऱ्यांनी सातवी इडली उचलली.

“चांगल्या झाल्यात ना?” सासूबाईंनी विचारलं.

“एकदम.”

त्यांनी झाकण घट्ट बसवलं, डबा होता तिथे ठेवला आणि म्हणाल्या, “मग आता त्या डब्याला कुणी हात लावू नका.”